मेहुण्याची मोटर

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. वाटूही नये. ज्यांनी ती दगडी बांधावर उभं राहून डोळ्यांनी पाहिली, त्यांनाही दुसऱ्या दिवशी सकाळी खरी वाटेना. तरी शब्द न् शब्द खरी आहे. ज्याला शंका असेल त्याने आत्ताच चहाचा कप खाली ठेवावा, जमिनीवर पसरलेलं शीड न तुडवता दारापर्यंत जावं आणि जाताना दार ओढून घ्यावं. वारा आत येतो. नाही ना उठत कुणी? मग गप्प बसून ऐका.

तर एक शिडवाला होता. बोटींची शिडं शिवायचा. शिडाचं कापड म्हणजे काही चादर नव्हे. त्यातून सुई ढकलायला तळहाताला चामड्याचा पट्टा बांधावा लागतो आणि त्या पट्ट्यात लोखंडाची चकती असते. शिडवाल्याने तो पट्टा इतकी वर्षं बांधला होता, की पट्टा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नसे. त्याने एकदा नुसती टाळी वाजवली तर शेजारच्या गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळाली. हसू नका. त्या हाताची थप्पड पुढे येणार आहे.

या माणसाने स्वतःच्या हाताने एक बोट बांधली. सुरुवात केली तेव्हा डोक्यावर काळे केस होते, पाण्यात उतरवली तेव्हा डोक्यावर काहीच नव्हतं. एकेक फळी त्याने वाफेवर वाकवली, एकेक खिळा स्वतः ठोकला. पोरंबाळं नव्हती. जे काही होतं ते ही बोट. रात्री झोपेत हात फिरवायचा तो उशीवर, आणि पुटपुटायचा, "इथे अजून जरा घासायला हवं."

बोट चालायची शिडावर, पण तिच्या पोटात एक इंजिन होतं. शिडवाल्याच्या बोटीत इंजिन म्हणजे न्हाव्याच्या तोंडावर दाढी. त्याला ते नकोच होतं. पण बायको म्हणाली, "वारा पडला की तुम्ही समुद्रात बसता आणि मी जेवण झाकून इथे बसते. इंजिन बसवा, नाहीतर तिकडेच जेवा." मग इंजिन आलं. आणि इंजिनाबरोबर आला मेकॅनिक, म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

हा मेहुणा म्हणजे मान नसलेला माणूस. डोकं सरळ खांद्यांवर ठेवलेलं, जागा वाचवण्यासाठी. आवाज ऐकून इंजिनाचा रोग सांगायचा, आणि बरा करताना दुसरा रोग लावून द्यायचा. त्याने बोटीचं इंजिन पूर्ण उघडलं, धुतलं, पुसलं, जोडलं. दोन स्क्रू उरले तर म्हणाला, "हे कंपनीने उगाच जास्तीचे घातले होते."

त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत इंजिनाने आधी शिट्टी मारली, मग किंकाळी, आणि मग पोटात असा दणका बसला की डोलकाठी वरपासून खालपर्यंत थरथरली. इंजिन जाम. हातोड्याने मारलं तरी हलेना. शिडवाल्याने बोट कशीबशी शिडावर बंदराबाहेरच्या बोयापर्यंत, म्हणजे तळाशी साखळीने बांधलेल्या तरंगत्या पिंपापर्यंत आणून बांधली, मेहुण्याला बोलावलं, आणि इंजिनाचं तेलाचं भांडं उघडायला लावलं. तेल ओढायच्या नळीच्या तोंडात काळं चिकट काहीतरी बोळा होऊन बसलं होतं. ते घेऊन दोघे या अशाच माळ्यावर आले, जिथे शिडं शिवतात.

"हे काय आहे?" शिडवाल्याने विचारलं.

"फडकं," मेहुणा म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. कुणाचं?"

मेहुण्याने ते खिडकीच्या उजेडात धरलं, उलटसुलट केलं. "कापड तुमचंय, दाजी. शिडाचं आहे. शिलाईपण तुमचीच दिसतेय."

"आत कुणी ठेवलं?"

"आत राहिलं असेल माझ्याकडून. डॉक्टर लोक माणसाच्या पोटात कापूस विसरतात, त्यांना कोण बोलतं? पण दाजी, साधं कापड असतं तर फाटून, चुरा होऊन निघून गेलं असतं. तुमचं कापडच मेलं चिवट. दोष कापडाचा."

आता ती थप्पड. ती बसली तेव्हा मेहुण्याचा एक दात तोंडातून निघाला, माळ्याची लांबी ओलांडून गेला आणि समोरच्या भिंतीवर टांगलेल्या शिडात रुतला. मेहुणा क्षणभर नुसता उभा राहिला, ऐकू येतंय का ते बघत. मग त्याने ते बिनमानेचं डोकं खाली घातलं आणि शिडवाल्याच्या बरगड्यांत घुसवलं. दोघे शिलाईच्या टेबलावर पडले, टेबल मोडलं, दोघे खाली. शिडवाल्याने दोऱ्याचा लाकडी रीळ उचलून त्याच्या कानशिलावर हाणला. मेहुण्याने त्याचा अंगठा तोंडात धरला आणि उरलेल्या दातांनी चावला, हाडापर्यंत. पांढऱ्या शिडावर रक्ताचे असे पट्टे उठले की ज्याचं शीड होतं त्याने नंतर विचारलं, ही रंगीत पट्ट्यांची नवी तऱ्हा केव्हा काढली?

शिडवाल्याची बायको जिना चढून आली. तिच्या हातात पाण्याची बादली होती, ती तिने दोघांवर रिकामी केली. मग बादलीही मारली, आधी भावाला, मग नवऱ्याला.

"झालं?" ती म्हणाली. "बंदरावर वादळाचा बावटा चढलाय. सगळ्यांनी बोटी बांधाच्या आत घेतल्या. तुमची तेवढी बाहेर बोयावर नाचतेय. संध्याकाळपर्यंत तिची दोरी तुटणार."

शिडवाला उठून बसला. अंगठ्यातून रक्त गळत होतं, ते त्याने पाहिलंही नाही. तो खिडकीतून बाहेर बघत होता. "ओढून आणणारी लाँच?"

"ती दुसऱ्यांच्या मागे आहे. आज तिला वेळ नाही."

"शिडावर आत येता येणार नाही," तो म्हणाला. "वारा सरळ बांधावर आपटतोय. बंदराचं तोंड अरुंद. बांधाच्या कडेकडेने आडवं जावं लागेल. इंजिन हवं."

तिघेही मेहुण्याकडे बघायला लागले. म्हणजे ती दोघं, आणि मेहुणा खाली स्वतःकडे.

"माझ्या दुकानात एक आउटबोर्ड पडलीय," तो म्हणाला. "मागे लटकवायची मोटर. इंजिन पोटात नाही तर पाठीवर. चालेल."

"जा मग," बहीण म्हणाली. "दोघे जा. आणि अहो, ऐका. मला बोटपण परत हवी आणि हापण परत हवा. एकच घेऊन आलात तर दार उघडणार नाही."

"आणि मी एकटाच आलो तर?" शिडवाल्याने विचारलं.

"तर मला सांगायला तरी येऊ नका."

मोटर एका मच्छीमाराने दुकानात टाकून दिली होती. कारण असं, की ती त्याच्या होडीची मागची फळी उपटून एकटीच पुढे निघून गेली होती. रंग उडालेली, वरचं झाकण चेपलेलं, खालच्या पंख्याच्या तीन पात्यांपैकी एक अर्धं तुटलेलं, आणि तुटलेल्या कडेला धार आलेली. दोघांनी ती होडीत घालून बोयापर्यंत नेली. लाटा तोवर उंबरठ्याएवढ्या होत्या. होडीतून बोटीवर मोटर चढवताना मेहुण्याच्या हातून निसटली आणि शिडवाल्याच्या पायावर पडली. मेहुणा म्हणाला चुकून पडली, आणि ते खरंही असेल.

बोटीच्या मागच्या फळीवर लोखंडी ब्रॅकेट होतं, त्यावर मोटर बसवली. तिचे दोन क्लॅम्प होते, हाताने पिळायचे स्क्रू असलेले. मेहुण्याने पिळले.

"झालं, दाजी. आता भूकंप झाला तरी हलणार नाही."

"तू असंच फडक्याबद्दलही म्हणाला होतास का?"

शिडवाल्याचा स्क्रूवर विश्वास नव्हता. त्याचा विश्वास गाठीवर. त्याने नवीकोरी जाड दोरी काढली आणि मोटर ब्रॅकेटला, ब्रॅकेट बोटीच्या खुंट्यांना, अशी काही आवळली की मोटर म्हणजे पार्सल दिसायला लागली. गाठ मारून झाली आणि दोरी उरली. भरपूर उरली. आता कुणीही शहाणा माणूस उरलेली दोरी कापतो. पण शिडवाल्यांच्या धंद्यात चांगली, अखंड दोरी कापणं म्हणजे पाप. गाठ सोडवतील, दोन तास बसून सोडवतील, पण सुरी लावणार नाहीत. तुकड्यांचं पुढे काही होत नाही. त्याने उरलेल्या दोरीचं छान वेटोळं केलं आणि मोटरशेजारीच डेकवर ठेवलं.

"कापा की ती," मेहुणा म्हणाला. "पायात येईल."

"तुझ्या पायात येईल. माझ्या नाही."

मेहुण्याच्या धंद्याचंही असंच एक होतं. अशा मोटरला एक लाल दोरी असते. चालवणाऱ्याने ती मनगटाला बांधायची. माणूस पडला की दोरी खेचली जाते आणि मोटर आपोआप बंद. फार चांगली गोष्ट. पण जुनी झाली की ती उगाच मोटर बंद पाडते, आणि मेकॅनिकांना त्याचा राग येतो. मेहुण्याने लाल दोरीचं बटण कधीच काढून टाकलं होतं आणि दोन वायरी एकमेकींना पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती.

"मग बंद कशी करायची?" शिडवाल्याने विचारलं.

"बंद कशाला करायची? पेट्रोल संपलं की होते."

मेहुण्याने मोटर सुरू करायची दोरी खेचली. नुसती खोकली. पुन्हा खेचली. धूर. तिसऱ्यांदा त्याने मोटरच्या आईबापांचा उद्धार केला आणि खेचली, तेव्हा ती अशी गुरगुरली की समोरच्या बांधावर बसलेले पक्षी उठले. उठले, पण वाऱ्यामुळे जाता येईना, म्हणून तिथेच हवेत थांबून पंख मारत बसले. शिडवाल्याने बोया सोडला.

आता ज्यांनी शिडाच्या बोटीवर मागे मोटर लावून लाटांत नेलं नसेल, त्यांना सांगायला हवं. लाट आली की बोटीचं नाक खाली जातं आणि शेपूट वर. शेपूट वर गेली की मोटरचा पंखा पाण्याबाहेर येतो. पाण्यात तो जोर लावतो. हवेत त्याला अडवायला काही नाही, तेव्हा तो पिसाळतो. किंकाळी फोडतो. मग शेपूट खाली आपटते आणि तोच पिसाळलेला पंखा पाण्यात घुसतो, आणि मागच्या फळीला असा हिसका बसतो की दातातलं भरलेलं निघून यावं. किंकाळी, हिसका. किंकाळी, हिसका. प्रत्येक हिसक्याला शिडवाल्याच्या काळजाची एक फळी उसवत होती. डावीकडे बांध होता. काळ्या दगडांचा, बोटीच्या लांबीएवढे दगड. लाट त्यांच्यावर जायची आणि ढगापर्यंत उडून परत खाली कोसळायची. बांधाच्या शेवटी तोंड होतं. तिथवर मोटर चालली की झालं.

"शीड लावतो थोडंसं," शिडवाला ओरडला. "वादळाचं, छोटं. बोट स्थिर होईल, हिसके कमी होतील."

"फाटेल!"

"माझ्या हातचं आहे! ते फाटण्याआधी समुद्र फाटेल!"

त्याने सुकाणू गुडघ्यात दाबलं आणि शीड चढवलं. एक क्षण ते भरलं, देखणं, पोटुश्या बाईसारखं. दुसऱ्या क्षणी तोफ सुटावी तसा आवाज झाला. शीड मधल्या शिवणीवर वरपासून खालपर्यंत उसवलं आणि दोन्ही तुकडे चाबकासारखे वाजायला लागले. त्यातला एक शिडवाल्याच्या तोंडावर बसला आणि भुवईच्या वर कातडी फाटली.

मेहुणा मोटरच्या हँडलला लटकला होता. त्याने मागे बघितलं, आणि त्या वादळात, गळून पडलेल्या दाताच्या फटीतून हसला.

"शिलाई कुणाची, दाजी?"

माणूस बोट बुडाली तर सहन करतो. हे नाही. शिडवाल्याने सुकाणू सोडलं. शिडाच्या दोऱ्या ताणायची विंच फिरवायचा लोखंडी दांडा उचलला आणि मेहुण्याच्या तोंडावर मारला. नाक मोडल्याचा आवाज मोटरच्या वर ऐकू आला. मेहुण्याने हँडल सोडलं, दांडा पकडला, ओढला, आणि गुडघा शिडवाल्याच्या पोटात घातला. दोघे त्या नाचणाऱ्या डेकवर एकमेकांचे गळे धरून लोळायला लागले. नाकातलं रक्त आणि भुवईचं रक्त एकत्र झालं, कुणाचं कुठलं कळेना. "तू मारलीस माझी बोट!" शिडवाला ओरडत होता. "फडक्याने मारलीस! मी तुला मारतो!" आणि खरंच मारत होता. मेहुण्याचं डोकं धरून त्याने डेकवर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि आपटताना त्याला वाटून गेलं की ही फळी आपण किती प्रेमाने घासली होती.

सुकाणू मोकळं होतं. बोट आडवी झाली. पुढची लाट तिच्या कुशीत बसली आणि लाटेने दोघांना उचलून कठड्यावर फेकलं. एक बाजू पाण्याखाली गेली. बांध आता इतका जवळ होता की त्यावर वाढलेलं हिरवं शेवाळ दिसत होतं, आणि शेवाळावर उभी असलेली एक बाई.

"दाजी, सुकाणू!"

शिडवाला रांगत गेला, सुकाणूवर पडला, शरीराच्या वजनाने ते फिरवलं. बोट मोठ्या कष्टाने सरळ झाली. पण मोटर खोकायला लागली. लाटेचं पाणी झाकणात गेलं होतं. मेहुण्याने चेपलेलं झाकण उपटून समुद्रात फेकलं, अंगातला सदरा फाडला आणि चालत्या मोटरचा स्पार्क प्लग पुसायला लागला. विजेचा झटका बसला की तो उडायचा, शिवी द्यायचा, पुन्हा पुसायचा. मोडलेल्या नाकातून रक्त मोटरवर गळत होतं आणि गरम लोखंडावर चुर्र आवाज करत होतं. मोटरने सूर धरला. बोट पुढे सरकायला लागली. दगड मागे जाऊ लागले, एक, मग पुढचा. बंदराचं तोंड दिसलं. आतलं पाणी सपाट होतं, करडं, आणि त्यावर इतरांच्या बोटी शहाण्यासारख्या उभ्या होत्या.

"पोचलो!" शिडवाला ओरडला. "पोचलो, लेका!"

तेवढ्यात मागून एक लाट डेकवर चढली, तिने मोटरशेजारचं दोरीचं वेटोळं उचललं आणि पाण्यात नेलं.

पंख्याने ते धरलं. आधी नुसतं चघळलं. मग तुटक्या पात्याच्या धारेवर एक पीळ अडकला आणि पंखा दोरी गुंडाळायला लागला, बाई लोकर गुंडाळते तशी, पण शंभर बायांच्या वेगाने. कुठलीही भली मोटर इथे बंद पडली असती. ही नाही. ही दोरी खात होती आणि ढकलत होती. डेकवर उरलेली दोरी सळसळत निघाली, आणि तिचा एक फास मेहुण्याच्या घोट्यावर बसला.

तो पडला तो तोंडावर. सरपटत मागे गेला, नखांनी डेक ओरबाडत. त्याच्या नखांच्या रेघा त्या लाकडात उमटल्या. कमरेपर्यंत बोटीबाहेर गेला तेव्हा कठड्याचा खांब त्याच्या हाताला लागला आणि त्याने तो दोन्ही हातांनी कवटाळला. पाय पाण्यात. पंखा दर फेरीला दोरी आत घेत होता. खांब वाकायला लागला.

"कापा!" तो किंचाळला.

शिडवाल्याने सुरी काढली. पण फास घट्ट पाण्याखाली होता, पंख्याच्या अगदी जवळ. जो भाग हाताला लागत होता तो कापून काही उपयोग नव्हता. ओढणारा भाग खाली होता.

"बंद करा! दाजी, मोटर बंद करा!"

लाल दोरी नव्हती. बटण नव्हतं. समोर होती उघडी मोटर आणि तिच्या डोक्यावर तो प्लग, पांढरा, चिनी मातीचा. एक घाव घातला की फुटणार आणि मोटर जागच्या जागी मरणार. शिडवाल्याच्या पायाशी मेहुण्याचा पाना पडला होता.

पण मोटर मेली की बोट मेली. बांधाचे शेवटचे दगड कुशीला होते. तोंड इतकं जवळ की तिथून दगड भिरकावला असता तर आतल्या सपाट पाण्यात पडला असता. आणखी थोडा वेळ मोटर चालली की बोट आत. आणखी थोडा वेळ मोटर चालली की मेहुणाही आत, पंख्याच्या.

आता ऐका, माणूस कशाला म्हणतात ते. शिडवाल्याने एका क्षणाचाही विचार केला नाही. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही. पाना उचलला आणि घातला! प्लग फुटला, ठिणग्या उडाल्या, विजेने त्याचा हात खांद्यापर्यंत काळा पडला, आणि ती राक्षसीण तोंड मिटून गप्प झाली. इतकी शांतता झाली की वादळ ऐकू यायला लागलं. त्याने हात घालून एका हिसक्यात मेहुण्याला वर ओढलं. पायाला जरा खरचटलं होतं. एवढंच.

आणि मग बोट बांधावर गेली. पहिल्या आपटण्यात तिचा कणा मोडला. तो आवाज शिडवाल्याला स्वतःच्या पाठीत ऐकू आला. दुसऱ्या आपटण्यात ज्या फळ्या त्याने वाफेवर वाकवल्या होत्या त्या सगळ्या एकदम सरळ झाल्या, जणू इतकी वर्षं वाटच बघत होत्या. जाम झालेलं इंजिन पोटातून निसटलं आणि दगडांवरून घरंगळत गेलं. डोलकाठी कडाडून बांधावर आडवी पडली, पुलासारखी. शिडवाल्याने मेहुण्याला खांद्यावर टाकलं आणि त्या डोलकाठीवरून चालत निघाला, लाटा दोन्ही बाजूंनी अंगावर येत असताना, जिना उतरावा तसा, निवांत. पायाखालून ती घसरली तेव्हा त्याचा दुसरा पाय बांधावर होता.

त्याची बायको तिथेच उभी होती, भिजून चिंब. त्याने तिच्यासमोर ओझं खाली ठेवलं.

"घे तुझा भाऊ."

"आणि बोट?" तिने विचारलं.

मागे फळ्या दगडांवर आपटून पुन्हा पुन्हा फुटत होत्या. त्याने मागे वळूनही बघितलं नाही.

"कुठली बोट?" तो म्हणाला.

अशी माणसं आता होत नाहीत, मंडळी. सगळं आयुष्य एका बाजूला आणि मोडक्या नाकाचा मेहुणा दुसऱ्या बाजूला, आणि पापणी न लवता...

"खोटं, दाजी."

आवाज कोपऱ्यातून आला, घडी घातलेल्या शिडांच्या ढिगामागून. मेहुणा तिथे मघापासून तिवईवर पाय टाकून बसला होता. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"पापणी लवली नाही ते खरं. कारण तुम्ही टक लावून बघत होतात. बंदराच्या तोंडाकडे. मी खालून तुमचा चेहराच बघत होतो, दुसरं होतं काय मला बघायला? हातात पाना उचललेला आणि मान तिकडे. एक लाट गेली. आता किती राहिलं ते बघत होतात तुम्ही. दुसरी गेली. आणि हे खरचटलेलं नाही, दाजी. टाच नाहीये इथे. ती त्या दुसऱ्या लाटेत गेली."